एकाच पक्षाचे तीन अध्यक्ष पक्ष सोडून का गेले?

जर्मनीतल्या एएफडी या पक्षाचं नाव आता मराठी वर्तमानपत्रांतही अधूनमधून दिसतं. नावाचा अर्थ 'जर्मनीसाठी पर्याय'. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत या पक्षाला २०.८ टक्के मतं पडली, १५२ खासदार निवडून आले आणि तो संसदेतला दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष झाला. बाहेरून येऊन राहिलेल्या लोकांना विरोध ही त्याची आजची मुख्य ओळख.

पण या पक्षाचा इतिहास चाळला की एक चमत्कारिक गोष्ट दिसते. ज्यांनी तो उभा केला, चालवला, त्याचं अध्यक्षपद सांभाळलं, असे तीन जण एकामागून एक पक्ष सोडून गेले. बर्न्ड लुके २०१५ मध्ये, फ्राउके पेट्री २०१७ मध्ये, यॉर्ग मॉयथेन २०२२ मध्ये. जाताना तिघांचीही तक्रार थोड्याफार फरकाने तीच होती: पक्ष फार टोकाला गेला. आणि दर वेळी अध्यक्ष गेल्यावर पक्ष आणखी टोकाला गेला, काही काळाने आणखी मोठाही झाला.

पक्षाची परक्यांबद्दलची भाषा पटत नाही म्हणून माणूस बाहेर पडतो, तेव्हा पक्षाचं पुढे काय होतं, हे समजून घ्यायला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडणं कठीण.

त्याआधी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. आपल्याकडे आमदार-खासदाराने पक्ष सोडणं म्हणजे पद घालवणं. १९८५ साली घटनेत दहावी अनुसूची आली, तेव्हापासून पक्षाचं सदस्यत्व 'स्वेच्छेने' सोडलं की अपात्रता आलीच. दोन तृतीयांश आमदार घेऊन विलीनीकरण केलं तरच सुटका. त्यामुळे २०२२ आणि २०२३ साली महाराष्ट्रात एवढ्या उलथापालथी झाल्या, तरी 'मी पक्ष सोडला' असं एकाही आमदाराच्या तोंडून निघालं नाही. जो तो 'खरा पक्ष आमचाच' म्हणत होता. जर्मनीत असं काही नाही. तिथल्या राज्यघटनेचं अडतिसावं कलम सांगतं की खासदार हा सगळ्या जनतेचा प्रतिनिधी, त्याच्यावर बंधन फक्त स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीचं. पक्ष सोडला तरी खुर्ची शाबूत. म्हणून या गोष्टीतले लोक सरळ पत्रकार परिषदेत 'मी चाललो' म्हणू शकतात. राजकीय भवितव्य मात्र बहुतेक तिथेच संपतं.

तर पहिले लुके. हॅम्बुर्ग विद्यापीठात अर्थशास्त्राचे प्राध्यापक. मूळचे सीडीयूचे, म्हणजे तेव्हाच्या चॅन्सेलर (सरकारप्रमुख) अँगेला मर्केल यांच्या ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्षाचे, तेही तीसेक वर्षांचे सदस्य. २०१० पासून ग्रीस कर्जात बुडत होता आणि युरो वाचवण्यासाठी त्याला जे पैसे दिले जात होते त्यात जर्मनीचा वाटा सगळ्यात मोठा होता. हे पैसे परत येणार नाहीत, दक्षिणेकडच्या देशांनी युरोतून बाहेर पडावं, असं लुके यांचं म्हणणं. या मुद्द्यावर त्यांनी सीडीयू सोडला आणि २०१३ च्या फेब्रुवारीत काही जणांना घेऊन एएफडी काढला. पहिल्या फळीत प्राध्यापक, पत्रकार, निवृत्त अधिकारी. जर्मन उद्योग महासंघाचे माजी अध्यक्ष हान्स-ओलाफ हेन्केलही पुढे आले. लोक त्याला 'प्राध्यापकांचा पक्ष' म्हणत, काहीसं चिडवूनच. सप्टेंबरच्या निवडणुकीत ४.७ टक्के मतं पडली. संसदेत शिरायला पाच टक्के लागतात. थोडक्यात हुकलं.

इथे एक गोष्ट आपल्याला पटकन कळत नाही. महायुद्धानंतरच्या जर्मनीत सीडीयूच्या उजवीकडे टिकाऊ असा पक्ष जवळजवळ उभाच राहिला नव्हता. हिटलरच्या आठवणीमुळे त्या बाजूला सभ्य माणूस जात नसे. प्राध्यापकांनी युरोच्या निमित्ताने तिथे एक सभ्य दिसणारं दार उघडलं आणि इतकी वर्षं बाहेर उभे असलेले सगळेच आत शिरू लागले. इस्लामविरोधावरच चालणाऱ्या 'डी फ्रायहाइट' या छोट्या पक्षाने तर आपल्या लोकांना उघडपणे एएफडीचा रस्ता दाखवला. लुके सावध झाले, ऑक्टोबर २०१३ मध्ये त्या पक्षाच्या लोकांना सदस्यत्व देऊ नका म्हणून त्यांनी सांगितलं. पण दारावर पाटी लावून गर्दी थांबत नसते. शिवाय पाटी लावणारा स्वतः किती सोवळा होता, हाही प्रश्नच. त्याच वर्षीच्या प्रचारात, शिक्षण नसलेले आणि भाषा न येणारे स्थलांतरित समाजाच्या तळाशी गाळासारखे बसतात, अशा अर्थाचं लुकेच बोलून गेले होते.

२०१४ मध्ये युरोपीय संसदेत सात जागा मिळाल्या. ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरात सॅक्सनी, थ्युरिंगेन आणि ब्रांडेनबुर्ग या पूर्वेकडच्या तीन राज्यांत दहा-बारा टक्क्यांच्या घरात मतं पडली. हा खरा वळणाचा टप्पा. इथले स्थानिक पुढारी होते पेट्री, पुढे पक्षातल्या सगळ्यात कडव्या गटाचे म्होरके ठरलेले ब्यॉर्न हॉके आणि अलेक्झांडर गाउलांड. ग्रीसच्या कर्जात तिथल्या मतदाराला फारसा रस नव्हता. निर्वासितांची वसतिगृहं, सीमेवरच्या चोऱ्या, इस्लाम, या विषयांवर सभा भरत. गंमत अशी की या राज्यांत परदेशी लोकांचं प्रमाण पश्चिमेच्या मानाने अगदीच कमी, जेमतेम काही टक्के. परका रोज भेटत नसेल तर त्याची भीती जास्त वाटते, हे जर्मनीत वारंवार दिसलं आहे. त्याच सुमारास ड्रेस्डेनमध्ये दर सोमवारी 'पेगिडा'चे मोर्चे निघू लागले. पाश्चात्त्य जगाचं इस्लामीकरण होतंय, ते थांबवा, ही त्यांची मागणी. गाउलांड डिसेंबरात मोर्चा बघायला गेले आणि हे आपले स्वाभाविक मित्र, असं सांगून आले.

मग २०१५ चा जुलै. एसेन शहरातल्या सभागृहात तीन हजारांहून जास्त सदस्य जमले. प्रतिनिधी नव्हेत, सदस्य. ज्याला गाडीभाडं परवडलं तो आला आणि त्याने मत दिलं. लुके बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांच्याच पक्षाचे लोक शिट्या वाजवत होते, हुर्यो उडवत होते. अध्यक्षपदाच्या मतदानात पेट्रींना साठेक टक्के, लुकेंना अडतीसच्या आसपास. चारच दिवसांत लुकेंनी पक्ष सोडत असल्याचं जाहीर केलं. पक्षात परदेशी लोकांबद्दलचा आणि इस्लामबद्दलचा द्वेष बोकाळला आहे, असं त्यांनी कारण दिलं. पाश्चिमात्य मैत्रीऐवजी रशियाकडे वाढत चाललेला कलही त्यांना खटकत होता. त्यांच्यासोबत हेन्केल गेले, हे दोघे धरून युरोपीय संसदेतल्या सातांपैकी पाच जण गेले आणि हजारो साधे सदस्य गेले. आपण एक राक्षस जन्माला घातला, अशा शब्दांत हेन्केल यांनी नंतर कबुली दिली.

आता आकडा जरा जवळून पाहू. सभागृहात साठ विरुद्ध अडतीस असं चित्र होतं. म्हणजे मवाळ गट हरला होता, संपला नव्हता. अडतीस टक्के म्हणजे पुढच्या अधिवेशनात ठराव अडवायला, कार्यकारिणीत चार माणसं बसवायला, एखाद्या हॉकेवर कारवाई करायला पुरेसं बळ. हा गट उठून गेला आणि त्याच्याबरोबर ते बळही गेलं. उरलेल्या साठ टक्क्यांतला जो मधला माणूस, तो आता पक्षाचं मवाळ टोक झाला.

आल्बर्ट हिर्शमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने ही गुंतागुंत १९७० सालीच मांडून ठेवली होती. हिर्शमन बर्लिनमध्ये जन्मलेले ज्यू. १९३३ साली हिटलर आल्यावर देश सोडलेले, म्हणजे बाहेर पडणं काय असतं ते त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांचा मुद्दा हाउसिंग सोसायटीच्या उदाहरणाने चटकन कळतो. सोसायटीचा कारभार बिघडला की सगळ्यात आधी फ्लॅट विकून कोण जातं? ज्याला कारभाराची चाड असते आणि दुसरीकडे जायची ऐपत असते, तो. वार्षिक सभेत उठून हिशोब विचारणाराही नेमका तोच असतो. तो गेला की कमिटीला रान मोकळं. लुके गेले, त्यांच्याकडे विद्यापीठातली नोकरी होती. हेन्केल यांच्या नावाला उद्योगजगतात वजन होतं. ज्यांचं सगळं काही पक्षावरच अवलंबून होतं, ते राहिले.

अर्थात २०१५ च्या त्या उन्हाळ्यात कुणालाच असं वाटत नव्हतं. जनमत चाचण्यांत पक्ष तीन-चार टक्क्यांवर घसरला होता, खेळ खलास असंच बहुतेक पत्रकार धरून चालले होते. लुके गेले तेव्हा तेही तसंच समजत असणार. मग ऑगस्टअखेर मर्केल यांनी 'आपण हे निभावून नेऊ' असं म्हटलं, सप्टेंबरात बुडापेस्टला अडकलेल्या लोकांसाठी सीमा खुली झाली आणि त्या एका वर्षात आश्रय मागणारे सुमारे ८ लाख ९० हजार लोक जर्मनीत आले. एवढ्या माणसांची राहायची, शिक्षणाची, कागदपत्रांची सोय करताना गावोगावच्या नगरपालिकांची खरोखर दमछाक झाली. त्याबद्दल तक्रार करणारा प्रत्येक जण काही वंशद्वेष्टा नव्हता. पण त्या तक्रारीला वाट द्यायला तयार असा पक्ष एकच होता, आणि त्यातले 'जरा दमाने घ्या' म्हणणारे लोक दोन महिन्यांपूर्वीच निघून गेले होते. निर्वासितांचं संकट ही आपल्याला मिळालेली भेट आहे, हे गाउलांड यांनी वर्षअखेरीस मोकळेपणाने सांगितलं. मार्च २०१६ मध्ये सॅक्सनी-आनहाल्ट राज्यात पक्षाला २४.३ टक्के मतं मिळाली. नवे सदस्य येत होते ते या विषयासाठीच. युरोचं नाव काढणाराही उरला नव्हता.

लुकेंनी काढलेल्या नव्या पक्षाचं काय झालं? आधी 'आल्फा' नाव घेतलं, त्या नावावर दुसऱ्या एका संस्थेचा हक्क निघाला, म्हणून बदलावं लागलं. २०१९ च्या युरोपीय निवडणुकीत ०.१ टक्के मतं. कारणं अगदी व्यवहारी आहेत. जर्मनीत पक्षांना मतांच्या प्रमाणात सरकारी निधी मिळतो, तो जुन्या पक्षाकडेच राहतो. पाच टक्क्यांच्या अटीमुळे लोक नव्या पक्षाला मत वाया घालवायला तयार नसतात. आणि मतदाराच्या दृष्टीने पक्ष म्हणजे पाटी. आतली माणसं बदलली हे त्याच्या गावीही नसतं. निधीवरून आठवलं: सरकारी निधी पक्षाच्या स्वतःच्या उत्पन्नापेक्षा जास्त मिळत नाही, म्हणून उत्पन्न फुगवायला या प्राध्यापकांच्या पक्षाने २०१४ मध्ये चक्क सोन्याची ऑनलाइन विक्री सुरू केली होती. विक्रीची रक्कम उत्पन्नात धरली जायची. संसदेने कायदा बदलून ती पळवाट बुजवली. अर्थशास्त्राचं ज्ञान कुठे कामाला येईल सांगता येत नाही.

आता पेट्री. ड्रेस्डेनमध्ये जन्मलेल्या, रसायनशास्त्रात डॉक्टरेट. २०१५ मध्ये लुकेंना पाडणाऱ्या कडव्या गटाच्या याच लाडक्या. जानेवारी २०१६ मध्ये एका मुलाखतीत त्यांनी, बेकायदा सीमा ओलांडणाऱ्यांवर शेवटचा उपाय म्हणून पोलिसांनी शस्त्र वापरावं, असं म्हटलं आणि देशभर गदारोळ झाला. पुढच्याच जानेवारीत हॉके यांनी ड्रेस्डेनच्या भाषणात बर्लिनमधल्या होलोकॉस्ट स्मारकाला लाजेचं स्मारक म्हटलं आणि इतिहासाच्या आठवणींबाबत १८० अंशांत वळण घेण्याची मागणी केली. पेट्रींनी हॉकेंना पक्षातून काढायची प्रक्रिया सुरू केली. केंद्रीय कार्यकारिणीने बहुमताने मान्यताही दिली. हकालपट्टीच्या बाजूने उभ्या राहिलेल्यांत अलिस वायडेल नावाच्या एक अर्थतज्ज्ञ होत्या. नाव लक्षात ठेवा.

एप्रिल २०१७ मध्ये कलोन अधिवेशनात पेट्रींनी ठराव आणला: आपण सत्तेत जायच्या तयारीचा व्यवहारी पक्ष व्हायचं की कायमचा आरडाओरडा करणारा, हे एकदा ठरवू. प्रतिनिधींनी तो चर्चेलाही घेतला नाही. विरोधात बोलून टाळ्या मिळवल्या मॉयथेन यांनी.

२४ सप्टेंबरला निवडणूक झाली. १२.६ टक्के मतं, ९४ खासदार, पहिल्यांदाच राष्ट्रीय संसदेत प्रवेश. दुसऱ्या दिवशी सकाळी बर्लिनमध्ये पत्रकार परिषद. टेबलापाशी गाउलांड, वायडेल, मॉयथेन आणि पेट्री. विजयाची सकाळ, कॅमेऱ्यांची गर्दी. पेट्रींची बोलायची पाळी आली तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं की आपण या पक्षाच्या संसदीय गटात बसणार नाही. प्रश्न न घेता त्या उठल्या आणि बाहेर गेल्या. शेजारच्या तिघांनाही याची कल्पना नव्हती. काही दिवसांत पक्षही सोडला. सॅक्सनीतल्या मतदारसंघातून त्या थेट निवडून आल्या होत्या, त्यामुळे २०२१ पर्यंत अपक्ष म्हणून बसल्या. नवा 'निळा पक्ष' काढला, तो २०१९ मध्ये बंद झाला.

मॉयथेन यांचा नंबर त्यानंतर. हेही अर्थशास्त्राचे प्राध्यापक, बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातले. पेट्रींच्या विरोधात हॉकेच्या गटाशी जुळवून घेतलेलं, त्यांच्या मेळाव्यांनाही गेलेले. हळूहळू त्यांनाच धाप लागली. मार्च २०२० मध्ये जर्मनीच्या अंतर्गत गुप्तचर खात्याने हॉकेच्या गटाला अतिउजवा ठरवलं. संपूर्ण पक्षावर पाळत येईल म्हणून मॉयथेननी त्या गटातल्या एका वजनदार नेत्याचं सदस्यत्व रद्द करवून घेतलं, काल्कारच्या अधिवेशनात आपल्याच लोकांना झापलं. अर्ध्या सभागृहाने टाळ्या दिल्या, अर्ध्याने शिव्या. जानेवारी २०२२ मध्ये तेही गेले. पक्षाचा मोठा भाग लोकशाही चौकटीवर उभा नाही, हुकूमशाही वळणाचे सूर ऐकू येतात, असं म्हणाले. सहा वर्षं अध्यक्ष राहून हे म्हणणाऱ्याचं लोक काय ऐकणार? २०१५ मध्ये लुके हेच म्हणाले तेव्हा मॉयथेन नुकतेच, त्याच एसेनच्या अधिवेशनात, पेट्रींच्या जोडीला सहअध्यक्ष झाले होते.

माझ्या मते या तिघांच्या गोष्टीतला कळीचा दोष बाहेर पडण्यात नाही. परक्यांबद्दलचा राग जोपर्यंत मतं आणून देत होता तोपर्यंत प्रत्येकाने तो वापरला. तो राग स्वतःच्या खुर्चीपर्यंत पोचला तेव्हाच त्याचं तत्त्वात रूपांतर झालं. म्हणून त्यांचं जाणं मतदाराला 'अंतर्गत भांडण' वाटलं. आणि वायडेल? हॉकेंना काढा म्हणणाऱ्या वायडेल पक्षातच राहिल्या, हॉकेंशी जुळवून घेतलं आणि २०२५ मध्ये पक्षाच्या चॅन्सेलरपदाच्या उमेदवार झाल्या. त्या जानेवारीत रीझाच्या अधिवेशनात त्यांनी परदेशी लोकांच्या मोठ्या प्रमाणावरच्या पाठवणीची भाषा व्यासपीठावरून केली. वर्षभरापूर्वी, पोट्सडामच्या एका गुप्त बैठकीत याच विषयाची चर्चा झाल्याची बातमी फुटली तेव्हा लाखो जर्मन रस्त्यावर उतरले होते, आणि तेव्हा पक्ष सारवासारव करत होता.

मराठी वाचकाला हे सगळं लांबचं वाटू शकतं. पण २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्या जर्मन राज्याला दहा हजार कुशल कामगार पाठवण्याचा करार केला ते मॉयथेन यांचंच बाडेन-व्युर्टेम्बर्ग. आणि भारतीयांवरचा राग ही काही एएफडीचीच मक्तेदारी नाही. २००० साली संगणक तज्ज्ञांना जर्मनीत आणायची योजना आली तेव्हा नॉर्थ राइन-वेस्टफालिया राज्याच्या निवडणुकीत सीडीयूचे युर्गन र्‍युटगर्स यांचं म्हणणं घोषणा म्हणूनच गाजलं: भारतीय नकोत, आपली मुलं हवीत. ते ती निवडणूक हरले. पाच वर्षांनी त्याच राज्याचे मुख्यमंत्री झाले.

त्याच सीडीयूमध्ये जानेवारी २०२५ ला बाहेर पडण्याचा वेगळा नमुना दिसला. आशाफेनबुर्गमध्ये एका अफगाण आश्रयार्थीने चाकूहल्ला केला, त्यात दोन वर्षांचं मूल गेलं. निवडणूक महिन्यावर आलेली. सीडीयूचे नेते फ्रीडरिश मेर्त्स यांनी सीमा कडक करण्याचा ठराव संसदेत आणला आणि २९ जानेवारीला तो ३४८ विरुद्ध ३४४ असा मंजूर झाला, एएफडीच्या मतांवर. असं पहिल्यांदाच घडत होतं. दुसऱ्या दिवशी मिशेल फ्रिडमान यांनी सीडीयू सोडला. वकील, पत्रकार, एकेकाळी पक्षाच्या केंद्रीय कार्यकारिणीत. आईवडील, हिटलरच्या काळात ज्यूंना वाचवणारे उद्योजक ऑस्कर शिंडलर यांच्या यादीमुळे वाचलेले. स्वतः पॅरिसमध्ये जन्मून लहानपणी जर्मनीत आलेले. खुर्ची नव्हती, पद मिळवायचं नव्हतं, नवा पक्ष काढायचा नव्हता. त्यामुळे त्यांच्या हेतूवर शंका घ्यायला फारशी जागा उरली नाही. त्याच दिवशी मर्केल यांनीही मेर्त्स यांचं चुकलं असं जाहीर पत्रक काढलं. त्या पक्षातच राहिल्या.

३१ तारखेला मेर्त्स यांनी पुढचं पाऊल टाकलं, या वेळी ठराव नव्हता, कायद्याचं विधेयक होतं. मतमोजणी झाली: बाजूने ३३८, विरोधात ३४९. मेर्त्स यांच्या स्वतःच्या गटातल्या १२ खासदारांनी मतच दिलं नव्हतं. सगळ्यांचं कारण एकच होतं असं नाही, आणि मेर्त्स यांना साथ देणाऱ्या एफडीपी या छोट्या पक्षाचेही बरेच जण मतदानाला नव्हते. पण ती बारा मतं पडली असती तर बेरीज ३५० झाली असती.